लेझर बोअर साइट : पहिली गोळी कागदावर आणायची कशी

डिसेंबरातला रविवार होता. निफाडकडची थंडी नाशिक शहरापर्यंत आली होती आणि नेमबाजीच्या रेंजवर सगळे हात चोळत चहाची वाट बघत होते. सातपूरहून एक अकरावीतला मुलगा वडिलांबरोबर आला होता. क्लबच्या .२२ रायफलवर आदल्या दिवशीच नवा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवलेला. पोरगं शांतपणे आडवं झालं, श्वास सांभाळत वीस गोळ्या मारल्या. पन्नास मीटरवरचा कागद आणून पाहिला तर कोरा करकरीत. एकही भोक नाही.

"काका, गोळ्या जातायत कुठे?"

मागच्या मातीच्या बंधाऱ्यात जात होत्या, एवढंच सांगता येत होतं. वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साइट दुरुस्त करायची तर आधी चूक किती आहे ते दिसायला हवं, आणि चूक दिसायला कागदावर भोक हवं. भोकच नसेल तर टरेट (स्कोपवरच्या जुळवणीच्या फिरक्या) फिरवणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. लेझर बोअर साइट कामाला येते ती इथे. नळी नेमकी कुठे बघते आहे, ते ती एका ठिपक्याने दाखवते. गोळी कुठे लागेल हे ती दाखवत नाही. हा फरक ज्याला कळला त्याचं काम अर्ध्या तासात होतं. ज्याला नाही कळला तो दुपारपर्यंत लेझरला शिव्या देत बसतो. मी दोन्ही केलेलं आहे.

घ्यायची कुठली

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली काडतुसाच्या आकाराची. ती गोळीच्या जागी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) बसते आणि नळीतून आरपार उजेड टाकते. एक आकार एकाच कॅलिबरला (नळीच्या मापाला) चालतो, .२२ ची .२२ लाच. दुसरी जात नळीच्या तोंडात खुपसायची. तिच्यासोबत वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या किंवा रबरी बाह्या येतात, त्यामुळे एकच संच बऱ्याच कॅलिबरना पुरतो. तोंडाला चुंबकाने चिकटणारीही एक मिळते, पण ती फारशी पाहण्यात नाही.

नवख्याने काडतुसाची घ्यावी असं माझं मत आहे. कारण साधं आहे: ती आत असताना चेंबरमध्ये खरी गोळी जाऊच शकत नाही. तोंडात खुपसायच्या लेझरचं तसं नाही. ती विसरून राहिली आणि मागून गोळी भरून कुणी ट्रिगर दाबला, तर नळी फाटू शकते आणि मारणाऱ्याचा हात, डोळा, काहीही जाऊ शकतं. आमच्याकडे असा प्रसंग होता होता टळला. एकाने साइट जुळवली, फोन आला म्हणून तो बाजूला गेला, दुसऱ्याने मॅगझिन हातात घेतलं. रेंज ऑफिसरची नजर नळीच्या तोंडाकडे गेली म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्या लेझरला हातभर लांब लाल रिबिन बांधलेली असते, राखीसारखी. लेझर आत असेपर्यंत ती बाहेर लोंबते. तुम्ही तोंडात खुपसायची घेणार असाल तर रिबिन आधी विकत घ्या.

लाल की हिरवी? लाल लेझर साधारण ६५० नॅनोमीटरची असते, हिरवी ५२० ते ५३२ ची. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा ५५५ च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून तेवढ्याच ताकदीची हिरवी जास्त उठून दिसते. पण हिरवी बॅटरी लवकर खाते आणि महागही पडते. बंद हॉलमध्ये किंवा सकाळी सातला काम करणार असाल तर लाल पुरे. एप्रिलमध्ये अकरा वाजता उघड्या रेंजवर पन्नास मीटरवर लाल ठिपका शोधायचा तर दुर्बीण लावूनही दिसत नाही.

एअर रायफलवाल्यांनी हा खर्च करू नये, हेही इथेच सांगून टाकतो. १० मीटरच्या नेमासाठी पाच मीटरवरून सुरुवात केली आणि मागे मोठा पांढरा पुठ्ठा लावला की दोन पेलेटमध्ये (छऱ्यांमध्ये) काय ते कळतं. पेलेट गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि मॅच एअर रायफलचा पीप (बारीक भोकातून बघायची मागची साइट) कारखान्यातून आलेला असतो तेव्हा सहसा फार लांब भटकलेला नसतो. खरा उपयोग .२२ ला नवा स्कोप किंवा नवा पीप चढवला, जुना काढून परत बसवला किंवा रायफल पडली-आदळली, तेव्हा.

कुठे करायचं

रेंजवर. घरी नाही, गच्चीवर नाही, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नाही, पांडवलेणीच्या मागच्या माळावर तर नाहीच. नुसती लेझर असली, गोळी नसली, तरी बाल्कनीतून रायफल समोरच्या इमारतीच्या भिंतीवर रोखलेली पाहून शेजारी पोलिसांना बोलावतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. लेझर आकाशाकडे तर कधीच नको. ओझरला विमानतळ आहे.

.२२ ची रायफल परवान्याची. शहरात तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. ज्याच्या नावावर हत्यार आहे तो माणूस समोर असल्याशिवाय त्याच्या रायफलला हात लावू नका, "फक्त साइट बघतोय" असं म्हणूनही नको. क्लबची रायफल असेल तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण शिस्त तीच.

आधीची तयारी, जी सगळे टाळतात

रायफल मोकळी आहे याची खात्री. मॅगझिन बाहेर, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागे, डोळ्याने चेंबर पाहा, मग करंगळीचं टोक घालून पाहा. हे झाल्यावर शेजारच्याला पाहायला सांगा. गोळ्यांचा डबा टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या खिशात चालत नाही, दुसऱ्या टेबलावरच.

मग स्कोपचे स्क्रू. माझ्या अनुभवात "साइट हलते" या तक्रारीच्या मुळाशी निम्म्या वेळा ढिला स्क्रू असतो. रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूचे आवळू नका. गाडीचं चाक बसवताना जसे समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळतो, तसं. मारून मुटकून आवळलेत तर स्कोपच्या नळीवर वण पडतो. क्रॉसहेअरची (स्कोपमध्ये दिसणाऱ्या फुलीची) उभी रेघ खरोखर उभी आहे ना, तेही आत्ताच बघा. रेंजच्या टोकाला ओळंबा टांगा, दोरी आणि दगडाचा साधा, आणि रेघ दोरीला लावून घ्या. तिरकी रेघ ठेवून साइट जुळवली तर वर क्लिक (टरेटचा एक टप्पा) दिला की गोळी वरही जाते आणि बाजूलाही सरकते, आणि माणूस वेडा होतो.

टरेट मधोमध आणून ठेवा. एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत या, निम्मे परत फिरवा. वर-खालीचा आणि डावी-उजवीचा, दोन्ही. पाच मिनिटं लागतात. पुढे ठिपक्यापर्यंत पोहोचताना टरेट संपला तर समजायचं की दोष माउंटमध्ये (स्कोपच्या बैठकीत) आहे, टरेटमध्ये नाही.

लेझर स्वतः सरळ आहे का?

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच माझा एक अख्खा रविवार वाया गेला.

पहिली लेझर मी ऑनलाइन मागवली होती. डबा सुंदर, आत स्पंज, सोबत छोटं पुस्तक. रायफलीत घातली, क्रॉसहेअर ठिपक्यावर आणला, गोळी मारली. कागदावर नाही. पुन्हा जुळवलं. पुन्हा नाही. मग लक्षात आलं की दर वेळी लेझर काढून घातली की ठिपका वेगळ्याच जागी जातो. दुसऱ्या दिवशी ती घेऊन अंबडला एका ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने माझं बोलणं अर्धंच ऐकलं, कपाटातून व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) काढला, त्यात लेझर आडवी ठेवली, समोरच्या भिंतीवर ठिपका पाडला आणि बोटाने लेझर हळूच फिरवली. भिंतीवरचा ठिपका जागेवर राहायला हवा होता. तो गोल फिरत होता, बैल घाण्याभोवती फिरतो तसा.

"अहो सर, हे तर रनआउट आहे," तो म्हणाला. "हा तुमचा लाल दिवा बॉडीच्या मध्यात नाहीये."

ज्या शहरात दर दुसऱ्या घरात कुणीतरी एमआयडीसीत कामाला आहे, तिथे मला हे कळायला चार तास आणि पन्नास गोळ्या लागल्या. असो. उपाय सोपा आहे आणि तो रायफलीतच करता येतो.

रायफल पक्क्या आधारावर ठेवा. वाळूच्या पिशव्या उत्तम. त्या नसतील तर तांदळाने भरलेल्या दोन कापडी पिशव्या, एक पुढे, एक बटाखाली (मागच्या दस्त्याखाली). रायफल हलता कामा नये. २५ मीटरवर पांढरा कागद लावा. लेझर घाला, ठिपका जिथे पडला तिथे मित्राला पेनने खूण करायला सांगा. मित्र पुढे उभा असताना रायफलीचा बोल्ट काढून टेबलावर ठेवायचा, हे बिनअपवाद. लेझर काडतुसाची असेल तर एकदा घातली की ती बोल्टशिवायही चेंबरमध्ये टिकते. टिकत नसेल तर मित्राला पुढे पाठवू नका, स्कोपमधून चौकटींच्या कागदावर मोजा. आता लेझर पाव वळसा फिरवून पुन्हा घाला, दुसरी खूण. असं चार वेळा.

चारही खुणा एकावर एक आल्या तर तुमचं नशीब थोर. बहुतेक वेळा त्यांचा छोटा चौकोन किंवा गोल होतो. त्या गोलाचा मध्य म्हणजे नळीची खरी दिशा. ठिपका कुठेही असो, आपण मध्याला मानायचं. माझ्या त्या लेझरचा गोल २५ मीटरवर सहा सेंटिमीटर रुंद होता, म्हणजे ठिपका खऱ्या जागेपासून तीन सेंटिमीटर दूर. ५० मीटरला तेच सहा सेंटिमीटर होतात. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवरचा काळा गोल सगळा मिळून ११२.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्रिज्या साडेपाच सेंटिमीटरच्या जरा वर. अशा लेझरवर डोळे मिटून विश्वास ठेवला की आपण काळ्याच्या बाहेर.

काही लेझरना बाजूने बारीक स्क्रू असतात, व्ही-ब्लॉकवर ठेवून ते फिरवत ठिपका स्थिर करता येतो. मी त्या लेथवाल्याकडूनच करून घेतलं. त्याने पैसे घेतले नाहीत, पण दर रविवारी किती मार्क पडले ते विचारतो.

आता जुळवणी

बोल्ट परत बसवायची गरज नाही, स्कोपला त्याची काही पडलेली नाही. उलट बोल्ट बाहेर असताना एक जुनी युक्तीही करून घ्या: नळीच्या मागून डोळा लावून आरपार बघा. समोरचा काळा गोल नळीच्या गोल तोंडात मधोमध येईल अशी रायफल पिशव्यांवर बसवा, आणि मग मान न हलवता स्कोपमधून बघा. क्रॉसहेअर कुठे आहे? लेझर नव्हती तेव्हा लोक असंच करायचे, आणि बोल्टच्या रायफलीवर ही युक्ती आजही फुकट आणि भरवशाची आहे. लेझरचा ठिपका आणि हे दृश्य जुळत नसेल तर संशय लेझरवर घ्या.

मग लेझर लावा. ठिपका नीट दिसत नसेल तर सायकलच्या दुकानात मिळते ती रेडियमची पट्टी कागदावर चिकटवा, ठिपका एकदम चमकतो. आरसा, काच, चकचकीत पत्रा मात्र नको, आणि लेझर चालू असताना कुणीही नळीच्या समोरून तोंडाकडे बघायचं नाही. या लेझर बहुतेक पाच मिलिवॅटच्या आतल्या असतात. हाताला काही होत नाही, डोळ्याला होतं.

पहिला गोंधळ हमखास टरेटवर होतो. टरेटवर वर आणि उजवीकडे असे बाण असतात. ते सांगतात गोळी कुठे सरकेल ते. क्रॉसहेअर कुठे सरकेल ते सांगत नाहीत. क्रॉसहेअर बाणाच्या उलट जातो. म्हणून मी मुलांना सांगतो, ठिपक्याला ठिपका समजूच नका, गोळीचं भोक समजा. भोक क्रॉसहेअरच्या वर-उजवीकडे पडलं आहे ना? मग गोळी खाली आणि डावीकडे आणायची आहे. खालचा आणि डावीकडचा क्लिक द्या. क्रॉसहेअर आपोआप ठिपक्याकडे चालत येईल.

पीप साइट असेल तर नियम आणखी सोपा: मागची साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला गोळी जाते. पुढची साइट सरकवली तर उलटं. जर्मन बनावटीच्या नॉबवर एच, टी, आर, एल ही अक्षरं असतात. एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली, आर उजवीकडे, एल डावीकडे. पण त्या अक्षराचा अर्थ "गोळी तिकडे ने" असा घ्यायचा की "गोळी तिकडे गेली असेल तर असं फिरव" असा, यावर रेंजवर भांडणं झालेली आहेत. वाद घालू नका. दहा क्लिक फिरवा, पीपचं भोक प्रत्यक्ष कुठे सरकलं ते बघा.

क्लिक किती द्यायचे? बहुतेक स्कोपवर एक क्लिक पाव मिनिटाचा असतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर. म्हणून पाव मिनिटाचा क्लिक १०० मीटरवर सुमारे ७.३, ५० मीटरवर ३.६ आणि २५ मीटरवर १.८ मिलिमीटर. ठिपका क्रॉसहेअरपासून साडेचार सेंटिमीटर लांब असेल तर २५ मीटरवर २५ क्लिक. एकदम सगळे देऊ नका. वीस द्या, स्कोपवर हलकेच टिचकी मारा, मग बघा. काही स्वस्त स्कोप टिचकीशिवाय जागचे हलतच नाहीत.

ठिपक्यावर नाही, ठिपक्याच्या खाली

आता खरी मेख. क्रॉसहेअर थेट ठिपक्यावर आणून ठेवायचा नाही.

लेझर सरळ जाते. गोळी जात नाही. .२२ ची साधी मॅच गोळी नळीतून सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. ५० मीटर कापायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ १२ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे ५० मीटरवर नेम धरलेल्या जागी गोळी लागायची तर नळी त्या जागेच्या १२ सेंटिमीटर वर बघत असली पाहिजे. शिवाय स्कोप नळीच्या वर बसलेला असतो. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. समजा चार सेंटिमीटर भरले.

मग हिशेब असा. नळीची रेषा नजरेच्या रेषेच्या चार सेंटिमीटर खालून सुरू होते आणि ५० मीटरवर १२ सेंटिमीटर वर पोचते. एकूण चढ १६ सेंटिमीटर. २५ मीटरवर निम्मा चढ झालेला असतो, म्हणजे आठ. त्यातून सुरुवातीचे चार वजा केले की उरतात चार. तेव्हा २५ मीटरवर ठिपका क्रॉसहेअरच्या चार सेंटिमीटर वर दिसला पाहिजे. अशी जुळवलेली रायफल ५० मीटरला मध्याच्या जवळपास मारेल.

रेंज १० मीटरचीच असेल तर? १० मीटरवर पाचवा हिस्सा चढ, म्हणजे ३.२ सेंटिमीटर. चार वजा केले की उणे ०.८. ठिपका क्रॉसहेअरच्या आठ मिलिमीटर खाली हवा. आणि साडेबारा मीटरवर दोघं एकमेकांना बरोबर भेटतात. ही गोष्ट मला फार आवडते. एअर रायफलच्या हॉलमध्ये टेप धरून साडेबारा मीटर मोजा (हॉल तेवढा लांब असेल तर), क्रॉसहेअर सरळ ठिपक्यावर ठेवा, आणि .२२ पन्नास मीटरसाठी कामचलाऊ जुळली. उन्हाचा त्रास नाही, वाऱ्याचा त्रास नाही. तुमचा स्कोप पाच सेंटिमीटर उंच असेल तर आकडे थोडे सरकतील, हिशेब तोच.

आणि "कामचलाऊ" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गोळी नळीतून जाताना नळी थरथरते, रायफल किंचित उचलली जाते, प्रत्येक बनावटीच्या गोळीचा वेग वेगळा. यातलं काहीच लेझरला माहीत नाही.

लेझर बाहेर. मग गोळी.

लेझर काढा. काढून डब्यात ठेवा, डबा बंद करा, बॅटरीचं झाकण सैल करा. (ती बटणाएवढी बॅटरी चालू राहिली तर पुढच्या रविवारी संपलेली सापडते. एक जोडी जास्तीची ठेवा.) काडतुसाची लेझर चेंबरमध्ये अडकली तर बोल्टने हिसकावू नका, पुढून साफसफाईच्या सळईने हळूच ढकला. आणि लेझर आत असताना ट्रिगर दाबून "बघू" नका, फायरिंग पिन तिच्या झाकणावर आदळते.

आता नळीतून पुन्हा आरपार बघा. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. हे पाहणं मी दुसऱ्या माणसाकडूनही करून घेतो. मग रेंज ऑफिसरला विचारून बोल्ट बसवा, गोळ्यांचा डबा परत या टेबलावर आणा.

सुरुवात २५ मीटरवर, तीन गोळ्या. कागदामागे भलामोठा पुठ्ठा. आमच्याकडे द्राक्षाच्या खोक्यांचे पुठ्ठे भरपूर मिळतात, एवढे चांगले पुठ्ठे दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. आता तीन भोकं दिसतीलच. ती नेमाच्या एखादा सेंटिमीटर वर असतील तर हलवू नका, ५० मीटरला ती जागेवर येतील. हातभर लांब असतील तर कुठेतरी चुकलंय: लेझरचा गोल, ढिला स्क्रू किंवा क्लिकची दिशा. याच क्रमाने तपासा.

मग ५० मीटर. नळी स्वच्छ पुसून आणली असेल तर पहिल्या आठ-दहा गोळ्या मोजू नका, .२२ ला सुरात यायला तेवढ्या लागतात. त्यानंतर पाच गोळ्यांचा एक ग्रुप. पाचही एकाच नेमाने, मध्ये एकही क्लिक न देता. नवखी मुलं इथे हमखास घसरतात. एक गोळी डावीकडे गेली की लगेच दोन क्लिक उजवीकडे, पुढची उजवीकडे गेली की परत. अशाने साइट जुळत नाही, फक्त गोळ्या संपतात. पाच भोकांचा मध्य काढा, मध्य ते दहाचं वर्तुळ हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, ३.६ ने भागा, तेवढे क्लिक द्या. पुन्हा पाच. बहुतेक वेळा तिसऱ्या ग्रुपला काम संपतं. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं हे लक्षात असू द्या. एका क्लिकवरून भांडण्यात अर्थ नाही.

दुपार टाळा. उन्हाळ्यात बारानंतर पश्चिमेकडचा वारा सुटला की ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा .२२ ला ५० मीटरवर सहज तीन सेंटिमीटर ढकलतो. तो वारा साइटमध्ये "जुळवून" घरी गेलात तर पुढच्या रविवारी सकाळच्या शांत हवेत सगळ्या गोळ्या दुसऱ्या बाजूला. आपल्या गावाच्या सहाशे मीटर उंचीचा परिणाम होतो का, असं एकदा एका पालकांनी विचारलं होतं. ५० मीटरवर नाही.

शेवटी टरेटचे शून्य जुळवा. बहुतेक स्कोपवर वरची टोपी सैल करून आकड्यांची चकती शून्यावर आणता येते. आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, गोळीचं नाव आणि लॉट, कुठून कुठे किती क्लिक. मोबाइलमध्ये नको, वहीत. गोळ्यांचा लॉट बदलला की ग्रुप सरकतो, आणि तेव्हा ही वहीच सांगते की तुमचं काही बिघडलेलं नाही.

त्या सातपूरच्या मुलाचं त्या दिवशी काय झालं? नळीतून आरपार पाहिलं तर क्रॉसहेअर काळ्या गोलाच्या दोन हात उजवीकडे होता. माउंटचा मागचा पाया रायफलीवरच्या रेलवर (खाचेच्या पट्टीवर) नीट बसलेलाच नव्हता. तो काढून बसवला, लेझरने जुळवलं, आणि पहिली गोळी सातच्या रिंगला लागली. वडिलांनी कागद मागून घेतला. पोराने तो घडी घालून रायफलीच्या केसमध्ये ठेवला आणि पुढची गोळी भरली.